देवाची सोबत ख्रिस्ती माणसाला खरंच वेगळं करते का? बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्यांनी बोला

बेळगावकर विश्वासी
सीमाभागातल्या माणसाला भूमीचं मोल कुणी सांगायला नको. 1956 पासून आपल्या घरातली माणसं याच प्रश्नात म्हातारी झाली. 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. म्हणून बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 33 व्या अध्यायातला प्रसंग आपण तरी नीट वाचावा असं मला वाटतं.

इस्राएल लोकांनी सोन्याचं वासरू ओतून त्याची पूजा केली. त्यावर देव त्यांचा पुढारी मोशे याला म्हणतो, कबूल केलेली भूमी देतो, पुढं दूत पाठवतो, शत्रूंना घालवतो, पण मी स्वतः तुमच्यामधून चालणार नाही. म्हणजे हवं ते सगळं मिळत होतं. तरी मोशे म्हणाला, तू येणार नसशील तर आम्हाला इथून हलवूच नकोस. तू सोबत नसलास तर पृथ्वीवरच्या इतर लोकांहून आम्ही वेगळे ठरणार कशानं?

माझं म्हणणं असं, की ख्रिस्ती माणूस वेगळा होतो तो देव त्याच्यासोबत चालतो म्हणून. ती सोबत डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते प्रेम. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात येशूनं शिष्यांना तीच ओळख नेमून दिली: तुमची एकमेकांवर प्रीती असली म्हणजे तुम्ही माझे आहात हे सगळ्यांना कळेल. आणि वेगळे म्हणजे वरचे असं कुणी समजू नये. वासराची भुकटी पाण्यात कालवून ज्यांना प्यायला लावली तेच हे लोक. त्यांच्या अंगी कसला आला मोठेपणा?

निपाणीचा माळकरी
श्रद्धेला माझा नमस्कार. पण दादा, सोबत तुमच्याकडेच का? आमच्या दिंडीत कुणाचे पाय सुजले तर जात न विचारता तेल चोळणारी माणसं आहेत. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेला आणि घटप्रभेला पूर आला तेव्हा आमच्या गल्लीत भाकऱ्या थापायला सगळ्या धर्मांच्या बायका बसल्या होत्या. कुणाची भाकरी कुठल्या देवाची, हे खाणाऱ्याला कळलं नाही. देव सूर्य चांगल्यांवर उगवतो तसा वाईटांवरही, हे तुमच्या येशूचंच बोलणं ना? मग तुमचं वेगळेपण उरतं कुठं?

बेळगावकर विश्वासी
काका, प्रेम फक्त आमच्याकडे असतं असं मी म्हटलेलं नाही. प्रेम नसेल तर आम्ही ख्रिस्ती नाही, असं म्हणतोय. दोन्हींत फार अंतर आहे. शेजारी कोण हे सांगताना येशूनं दाखला दिला तो शोमरोनी माणसाचा, यहुदी ज्याला परका मानत त्याचा. तुमच्या गल्लीतल्या बायका मला त्याच दाखल्यात दिसतात.

पण एक साक्ष विचारात घ्या. चौथ्या शतकात रोमचा सम्राट जूलियन ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे परतला होता, राज्यालाही तिकडे वळवू पाहत होता. त्यानं आपल्या एका पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तक्रार केलीय, की हे गालीली लोक, म्हणजे ख्रिस्ती, स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात. हा विरोधकाचा शब्द आहे. ख्रिस्ती लोकांच्या हाती फारसं राज्य नसतानाच्या काळापासून रुजलेली ती सवय होती.

खानापूरचा इतिहासवाला
आणि राज्य हाती आल्यावर काय झालं? लांब जायला नको, घाट उतरला की गोवा. 1560 मध्ये तिथं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मचौकशीचं न्यायालय, बसलं, मधली थोडी वर्षं सोडली तर 1812 पर्यंत चाललं. तिथून घाटावर निघून आलेल्या घराण्यांच्या आठवणी आमच्या तालुक्यात आहेत, हिंदूंच्या आहेत तशा ख्रिस्ती घरांच्याही. त्या न्यायाधीशांच्या खोलीतही क्रूस होता. तेव्हा देव सोबत होता की नव्हता? होता म्हणालात तर देवावर येतं. नव्हता म्हणालात तर मग चांगलं झालं की देव सोबत, वाईट झालं की नव्हता, असा हिशेब तुम्हाला नेहमीच सोयीचा पडणार.

बेळगावकर विश्वासी
तुमचा प्रश्न टाळता येणारा नाही, आणि मी गोव्याची बाजू मांडणार नाही. तो देवाच्या नावानं झालेला अन्याय होता. मोशेनं जे नाकारलं तेच तिथं स्वीकारलं गेलं: भूमी हवी, सत्ता हवी, देव चालत आला नाही तरी चालेल.

हिशेब सोयीचा ठरू नये म्हणूनच योहान 13 महत्त्वाचा. ओळख कुणाला पटली पाहिजे? सगळ्यांना. म्हणजे निकाल देण्याचा हक्क येशूनं बाहेरच्यांना दिलाय. तुम्ही म्हणालात प्रेम दिसलं नाही, तर "आमच्या अंतःकरणात आहे" असं म्हणून मला सुटता येत नाही. आणि हे तो कधी बोलला तेही पाहा. धरून देणाऱ्या यहूदाचेसुद्धा पाय धुऊन झाल्यावर, त्याच रात्री.

चिकोडीचा तरुण पास्टर
ब्रदर, आमची अडचण आणखी वेगळी. 2021 च्या डिसेंबरात बेळगावच्याच सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधानसभेनं धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं, 2022 मध्ये कायदा झाला. त्यात प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तू आहे, धार्मिक संस्थेच्या शाळेतलं मोफत शिक्षणही आहे. आजाऱ्याच्या घरी फळं नेताना शेजारी काय म्हणतील याचा विचार करावा लागतो. तरी जातोच. बदल्यात काही मागायचं नाही, एवढी शुद्धता ठेवली की मन खंबीर राहतं.

निपाणीचा माळकरी
पास्टर, खरं सांगतो, शंका उगाच येत नाही. फळांसोबत पत्रक ठेवणारेही आम्ही बघितलेत. पत्रक नसेल तर दार उघडंच आहे.

हिंडलग्याची ताई
मी जन्मानं ख्रिस्ती, रविवार सहसा चुकवत नाही, आणि तरी धागा सुरू करणाऱ्या भावाशी माझं पटत नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये बघा की. लग्न जमवताना आजोबांची जुनी जात अजून विचारतात. ट्रस्टच्या जागेवरून भाऊ भावाविरुद्ध कोर्टात उभा राहतो. एकाच आवारात आधी मराठी उपासना, मग कन्नड, आणि गेटवर हात जोडण्यापलीकडे ओळख नाही. 1 नोव्हेंबर जवळ आला की तेवढंही अवघडतं. आमच्याकडे काळा दिवस, त्यांच्याकडे राज्योत्सव. दिसणाऱ्या भावावर प्रीती नाही त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येत नाही, हे योहानाच्या पहिल्या पत्रात स्वच्छ लिहिलंय. देवाची सोबत आपल्याला वेगळं करते, हे वाक्य आपण अजून कमावलेलं नाही.

बेळगावकर विश्वासी
ताई, भाषेबद्दलचं तुमचं म्हणणं सगळ्यात जवळून लागलं. मराठी शाळा, मराठी पाट्या यांचा हक्क मी सोडणार नाही. पण प्रभूभोजनाच्या मेजापाशी तो प्रश्न आणायचा अधिकार मला नाही. फक्त "कमावलेलं नाही" इथं थांबतो. ती सोबत कमावायची असती तर वासराजवळच सगळं संपलं असतं. मोशेनं मागितली, देवानं दयेनं दिली. मागणं आपल्याकडून थांबलंय, असं मला दिसतं. पवित्र गुरुवारी, येशूनं पाय धुतले त्या रात्रीच्या आठवणीच्या दिवशी, दोन्ही मंडळ्यांची एकच उपासना व्हावी आणि मराठी-कन्नड वडीलजनांनी एकमेकांचे पाय धुवावेत, असा अर्ज मी कमिटीला देतोय. तुमची सही हवी.

हिंडलग्याची ताई
सही करते. पण अर्ज कन्नडमध्येही लिहा, आणि तो घेऊन त्यांच्याकडे आपण जायचं. त्यांना बोलावून घ्यायचं नाही.

खानापूरचा इतिहासवाला
उपासना झाली तर इथंच कळवा. माझा आक्षेप तोवर कायम.