दुसऱ्या भागाने तुमचं काय केलं? अनुभव लिहा

मंडळी, एखाद्या पुस्तकावर जीव जडतो, मग पुढच्या भागाची वाट बघण्यात वर्षं जातात, आणि तो हातात आला की मन दोन्हीकडे ओढलं जातं. किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या इंग्रजी कल्पनारम्य मालिका मुंबईत आपल्यापैकी बऱ्याच जणांनी भक्तिभावाने वाचल्या आहेत, पण त्यांच्याविषयी मराठीत भरभरून बोलायला सहसा कोणी सापडत नाही. म्हणून हे आमंत्रण. ‘छान आहे’ किंवा ‘भंकस आहे’ एवढ्यावर थांबू नका. नेमकं काय खटकलं आणि काय अजून डोक्यातून जात नाही, ते लिहा. पुढे काय होतं हे उघड झालं तरी चालेल; ज्यांना ते नको असेल त्यांनी इथेच थांबावं. सुरुवात मीच करते.

माटुंगा

माझं पुस्तक ‘एल्डेस्ट’. त्याचा पहिला भाग, ख्रिस्तोफर पाओलिनीचं ‘एरागॉन’, मी शाळेत असताना किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून जुना घेतला होता. लेखकाने वयाच्या पंधराव्या वर्षी ते लिहायला घेतलं हे कळल्यावर तर मी भारावूनच गेले. डोंगरात सापडलेलं निळं अंडं, त्यातून निघालेली ड्रॅगन सफिरा, आणि काही कळायच्या आत घर सोडावं लागलेला मुलगा. ऑगस्ट २००५ मध्ये दुसरा भाग आला आणि मी तो अधाशासारखा उघडला.

आणि अडकले. एरागॉन एल्फांच्या, म्हणजे रानात राहणाऱ्या जादुई लोकांच्या, जंगलात, एलेस्मेराला, शिकायला जातो आणि पुस्तक तिथे बसकण मारतं. गुरू ओरोमिस त्याला रानातल्या एका मोकळ्या जागी बसवतो आणि आसपासच्या जिवांकडे मन लावायला सांगतो. एरागॉन तिथल्या मुंग्यांचा सगळा कारभार न्याहाळत बसतो. तेव्हा मला ही पानं संपता संपत नव्हती. आज विचाराल, तर सगळ्या मालिकेतलं मला सर्वांत जवळचं वाटणारं शिक्षण तेच आहे.

मला खरं धरून ठेवलं ते रोरनने. पहिल्या भागात हा चुलतभाऊ जेमतेम दिसतो. इथे त्याच्या गावावर सैनिक आणि राझाक नावाचे राक्षसी जीव चालून येतात, त्याच्या प्रेयसीला, कॅट्रिनाला, पळवून नेतात, आणि हा साधा माणूस हातात हातोडा घेऊन उभा राहतो. त्याच्याकडे जादू नाही, ड्रॅगन नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, पोराबाळांसकट अख्खं गाव डोंगरापलीकडे नेतो, टीर्मच्या बंदरातून जहाज पळवतो. एरागॉनचं प्रकरण सुरू झालं की मी पुढची पानं उलटून रोरन कुठे येतो ते आधी बघायचे.

एक गोष्ट मात्र मला अजूनही पटलेली नाही. पहिल्या भागातल्या डुर्झा या खलनायकाच्या वाराने एरागॉनच्या पाठीवर व्रण राहिलेला असतो. सरावाच्या मधेच वेदनेची कळ येऊन तो कोसळतो. त्या दुखण्यामुळे तो आपल्यातला वाटायचा. मग एल्फांच्या उत्सवात एका रात्रीत तो व्रण जातो, शरीर एल्फांसारखं होतं, ताकद वाढते. त्याने स्वतः काहीच केलेलं नसतं! मला तिथे फसवल्यासारखं वाटलं. पण लेखकाने पुढे, जळत्या मैदानातल्या लढाईत, त्याच नव्या एरागॉनला त्याच्या जुन्या सोबत्यासमोर, मुर्टाघसमोर, हरवलं. मुर्टाघ लाल ड्रॅगनवर बसून येतो, आपण थोरला भाऊ म्हणून वडिलांची तलवार काढून घेतो, आणि त्याला जिवंत सोडून निघून जातो. नायक हरून, उपकारावर वाचून पुस्तक संपतं. ती शेवटची पानं मी कितीदा वाचली असतील!

तीन भागांत संपणार होती ती मालिका चार भागांची झाली आणि शेवटचा भाग नोव्हेंबर २०११ मध्ये आला. तोवर मी नोकरीला लागले होते. पण रोरनची पानं आधी शोधायची सवय सुटली नव्हती.

कलिना

ताई, माझी आठवण त्याच वर्षातली. हॅरी पॉटरचा सहावा भाग १६ जुलै २००५ ला आला आणि दहा दिवसांनी २६ जुलै. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. आमचं घर तळमजल्यावर. पाणी उंबरा ओलांडून आत आलं तेव्हा आईने कागदपत्रांची पिशवी उचलली आणि मी पुस्तक. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे दिवे गेलेले असताना मेणबत्तीत वाचत बसलो. कोपरे भिजले होते, पानं एकमेकांना चिकटत होती, नखाने सोडवून उलटावी लागत होती.

आणि मला राग येत होता. बाहेर युद्ध पेटलंय, अन् डम्बलडोर हॅरीला बसवून व्होल्डेमॉर्टच्या जुन्या आठवणी दाखवतोय. जिनीचं प्रेमप्रकरणही घाईत उरकलेलं. पण अनाथाश्रमातला तो प्रसंग, जिथे डम्बलडोर लहानग्या टॉमच्या, म्हणजे पुढच्या व्होल्डेमॉर्टच्या, कपाटाला आग लावतो आणि त्याला चोरलेल्या वस्तू बाहेर काढायला लावतो, तो मला आज पूर्ण मालिकेत सरस वाटतो. मुलगा किती घाबरलाय आणि त्याच क्षणी त्याला तसली जादू किती हवीशी वाटतेय, दोन्ही दिसतं. मनोऱ्यावरचा डम्बलडोरचा मृत्यू वाचला तेव्हा काकू माझ्या रडण्याचं कारण पावसाला लावत होत्या. मी तसंच राहू दिलं.

गिरगाव

मी दुसरे भाग वाचत नाही. पहिल्याच्या शेवटी जे मोकळं सोडलेलं असतं ते मला मोकळंच आवडतं. बाकीच्यांचं वाचतोय, लिहीत राहा.

मुलुंड

मी आई आहे, वाचक लेकीमुळे झाले. ‘सिक्स ऑफ क्रोज’ (२०१५) तिने माझ्या हातात दिलं आणि पाठोपाठ ‘क्रुकेड किंग्डम’ (२०१६). केटरडॅम हे बंदर, तिथले दलाल, कर्जात बुडालेली माणसं, मुंबईत वाढलेल्या बाईला ओळखीची वाटणारच.

माझं म्हणणं एवढंच की गोष्टीतल्या टोळीतल्या मथायसचा मृत्यू उपरा वाटतो. इतकी अवघड कामगिरी फत्ते झाल्यावर एक कोवळा पोरगा येऊन गोळी घालतो. लेक म्हणते, द्वेष शिकवलेल्या पोरांचं असंच होतं, मथायसही तसाच होता, म्हणून तेच बरोबर आहे. आमचा यावर अजून वाद आहे, जेवताना सुद्धा. पण टोळीचा म्होरक्या काझ त्याच्या साथीदार इनेजच्या जखमेची पट्टी बदलतो त्या प्रसंगावर दोघींचं एकमत. लहानपणी भावाच्या प्रेताला धरून पोहत किनारा गाठलेला हा मुलगा. कुणाच्या कातडीचा स्पर्श त्याला सोसत नाही, कायम हातमोजे घालतो. तो मोजे काढून तिच्या खांद्याजवळ हात नेतो, आणि बोटं थरथरतात. ते वाचून मी पुस्तक मिटून ओट्यापाशी जाऊन उभी राहिले होते.

बोरिवली

माझं ‘चिल्ड्रन ऑफ व्हर्च्यू अँड व्हेंजन्स’. टोमी अडेयेमीचा पहिला भाग मार्च २०१८ चा, हा डिसेंबर २०१९ चा. पश्चिम आफ्रिकेच्या योरुबा परंपरेतून उभं केलेलं जग, त्यामुळे पहिल्या भागात सगळंच नवं होतं. दुसऱ्यात नायिका झेलीने परत आणलेली जादू सरदार घराण्यांनाही मिळते आणि देशात यादवी पेटते. कल्पना जबरदस्त आहे. पण माणसं एकमेकांवर विश्वास ठेवतात, मोडतात, पुन्हा ठेवतात, आणि हे इतक्यांदा होतं की मी चर्चगेट लोकलमध्ये पुस्तक मांडीवर ठेवून नुसती बाहेर बघत बसायचे.

मला सर्वांत जास्त दुखलं ते अमारीचं. पहिल्या भागात बापाच्या क्रूरपणापासून पळून आलेली भेदरलेली राजकन्या. इथे जिंकण्यासाठी ती बापाच्याच वाटेने विचार करू लागते. मी तिच्यावर चिडले, आणि चिडले तरी तिची पानं सोडवेनात, कारण घरात ज्याला घाबरून वाढलो त्याचाच आवाज आपल्या तोंडून निघतो हे मला माहीत आहे. लेखिकेने तिला सोपं माफ केलं नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

तिसरा भाग जून २०२४ मध्ये आला. घेऊन ठेवलाय. अमारीचं पुढे काय होतं ते कृपा करून कोणी लिहू नका, परीक्षा संपली की वाचणार आहे.