चिंता केवळ अमिग्डालातून येत नाही

चिंतेचे मूळ अमिग्डालात, म्हणजे मेंदूतील भीतीशी निगडित अशा छोट्या भागात असते, असे म्हटले जाते; या मताला थोडी पुरवणी जोडावीशी वाटते. मेंदूतीलच हिप्पोकॅम्पस या भागाला आपण स्मरणाचे केंद्र म्हणून ओळखतो. परंतु त्याचा खालचा (उंदरात खालचा, तर माणसात पुढचा) भाग चिंतेशी निगडित आहे, आणि २०१८ साली उंदरांच्या याच भागात, उघड्या व असुरक्षित जागी जाताच सक्रिय होणाऱ्या आणि हायपोथॅलॅमसला (शरीराची ताणावरची प्रतिक्रिया चालवणाऱ्या मेंदूच्या भागाला) थेट संदेश धाडणाऱ्या पेशी आढळल्या. आमच्या रावेर भागात वादळात केळीची बाग आडवी झालेला शेतकरी पुढे साध्या वाऱ्यानेही रात्रभर जागतो, तेव्हा त्याला भित्रा म्हटले जाते, हे मला फार खुपते. खरे तर धोका कुठे आणि केव्हा होता हे वेगळे ओळखण्यात हिप्पोकॅम्पसचा मोठा वाटा असतो. दीर्घ ताणाने हे काम मंदावले, तर सुरक्षित प्रसंगही धोक्याचा भासू लागतो.