मराठी मथळ्याला जाड-चिंचोळा फॉन्ट: जागा वाचते की वाया जाते?

खिळेजुळारी
इंग्रजीत 'इम्पॅक्ट' या जाड-चिंचोळ्या फॉन्टमधला मथळा बघितला की 'मराठीतही अस्साच पाहिजे' ही फर्माईश ठरलेली. माझ्या मते देवनागरीला जाड आणि चिंचोळं ही दोन्ही ओझी एकदम पेलत नाहीत. हिशोब करा. एमचे (म्हणजे अक्षरमापाच्या चौकोनाच्या बाजूचे) १००० भाग धरले आणि 'क'ला रुंदी दिली ६००. पोटाची रेघ, मधला दांडा, उजवा आकडा, तिन्ही १५० जाडीचे. ४५० तिथेच संपले. उरलेल्या १५०मध्ये दोन पोकळ्या (रेघांमधली मोकळी जागा), प्रत्येकी ७५. १६ पिक्सेलला ती जेमतेम सव्वा पिक्सेल. वाचणार काय, कपाळ? शेजारच्या अक्षरापासूनचं अंतर तर यात धरलेलंच नाही. आणि 'क' सोपा म्हणायचा. 'ष्ट्र' आला की नुसता ठिपका.

पोकळी_आधी
हिशोब बरोबर, गृहीतक चूक. तिन्ही रेघा एकाच जाडीच्या ठेवतं कोण? दांडा १५० राहू द्या, पोट आणि आकडा ११०वर आणा. पोकळी ७५ची ११५ होते, अक्षर मात्र तितकंच जाड वाटतं, कारण जाडी आपण दांड्यावरून जोखतो. शिवाय गोलाई सोडून बाजू सरळ केल्या की पोकळीला उंचीत जागा मिळते. इंडियन टाइप फाउंड्रीचा 'टेको' फॉन्ट उघडून बघा, चौकोनी पोटांचा फायदा लगेच कळतो. आणि मथळ्याचा फॉन्ट १६ पिक्सेलला लावायचाच कशाला? ७२ला तीच पोकळी आठ पिक्सेलांहून मोठी भरते.

अर्धचंद्र
रुंदीवर कशाला भांडताय, खरा घोळ उंचीचा आहे. जेफ्री ली यांनी १९६५ मध्ये इम्पॅक्ट केला तेव्हा लहान अक्षरांची उंची कॅपिटलच्या जवळ नेली, वरचे दांडे आणि खालच्या शेपट्या आखूड ठेवल्या. नुसती कॅपिटल असतील तर ओळींतलं अंतर अक्षरमापाच्या ०.९ पट ठेवूनही ठोकळा बांधता येतो. तेच माप मराठीला लावा. वरच्या ओळीतल्या 'मूल्य'चा 'मू' नेमका खालच्या 'विद्यार्थ्यांचे'मधल्या 'र्थ्यां'च्या डोक्यावर आला की उकार थेट रफार-अनुस्वारात घुसतो. सोडवायला १.३ पट अंतर लागतं. म्हणजे मराठीच्या दोन ओळी रोमनच्या जवळपास तीन ओळींची उंची खातात. मग वाचलं काय?

खिळेजुळारी
हेच म्हणतोय.

पोकळी_आधी
अहो, पण तुलना रोमनशी का? मराठीच्या साध्या जाड फॉन्टलाही तेवढंच अंतर लागतं. त्याच्यापुढे रुंदी तर वाचलीच ना? मथळा एका ओळीत ठेवा, उंचीचं भांडणच मिटलं. जाड-चिंचोळ्या फॉन्टची बदनामी होते ती भलत्याच कारणाने. साधा फॉन्ट आडवा ७० टक्क्यांवर दाबून 'कन्डेन्स्ड' (चिंचोळा) म्हणून खपवतात. १५०चा काना १०५ होतो, शिरोरेषा आहे तेवढीच राहते. काटक्यांवर तुळई ठेवल्यासारखं दिसतं.

जाड_बुद्धी
दोन्ही बाजूंना एक सूचना: फॉन्ट कुठलाही घ्या, ट्रॅकिंगला (अक्षरांमधल्या अंतराला) हात लावू नका. वाढवलं की शिरोरेषेला खिंडारं पडतात, कमी केलं की काने शेजारच्या अक्षरावर चढतात. बॉर्डरचंही तसंच. थेट मजकुराला दिली तर ती प्रत्येक अक्षराला वेगळी मिळते आणि शिरोरेषेवर सांध्यासांध्याला उभ्या चिरा दिसतात. मजकुराच्या दोन प्रती एकावर एक ठेवा: मागचीला हवी त्याच्या दुप्पट जाडीची बॉर्डर, वरची नुसत्या रंगाची. चिरा झाकल्या जातात.

अर्धचंद्र
'एका ओळीत ठेवा' हे संपादकाला सांगा, फॉन्टच्या हातात ते नाही. आणि वर्तमानपत्री कागदाचं काय? शाई पसरून पोकळी आणखी आक्रसते. मग बोल्डऐवजी सेमीबोल्ड (थोडा कमी जाड) घ्यावा लागतो, आणि ज्या ठोशासाठी एवढा खटाटोप केला तोच जातो.

पोकळी_आधी
पांढऱ्यावर काळा असेल तर. काळ्या पट्ट्यावर पांढरा मथळा असेल तर शाई अक्षराच्या आत शिरते. तिथे तुमचा सेमीबोल्ड बारीक पडेल, बोल्डच लागेल.