कोशर डेलीत पहिल्यांदाच जेवायला जायचं आहे. काय मागवावं, काय मागू नये?

मुक्कामपोस्ट

ऑक्टोबरात आठवडाभर न्यूयॉर्कला जातोय. मी, बायको, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. जुनी इच्छा आहे की जुन्या वळणाच्या ज्यू डेलीत (मांसाची सँडविचं मिळणारी खाणावळ) बसून पास्ट्रामी (मुरवून, मसाला लावून धुरी दिलेलं बीफ) सँडविच खायचं. तीही कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणारी. अडचण माझी नाही, बाकीच्यांची आहे. बायको कोंबडी आणि मासे खाते. सासूबाई चिकन-मटण आवडीनं खातात, पण बीफचं नाव काढायचं नाही. आणि मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. पोट बिघडण्यावर भागत नाही, अंगावर गांधी उठतात, धाप लागते. इंजेक्शन कायम बरोबर असतं.

ऑफिसातला एकजण म्हणाला, कोशर डेलीत दूध औषधालाही नसतं, मुलाला बिनधास्त ने. खरं आहे का हे? आणि ज्यू नसलेल्यांनी गेलेलं चालतं का? डोकं झाकावं लागतं का? हसू नका, खरंच माहीत नाही. वाढदिवस त्याच आठवड्यात येतोय, केक घेऊन जायचा विचार आहे.

खादाडखाऊ

डोळे मिटून कॅट्झ. 1888 पासूनचं दुकान, लोअर ईस्ट साइडला. दारात एक तिकीट हातात देतात, काउंटरवर जे घ्याल ते त्यावर लिहितात, बाहेर पडताना हिशेब. तिकीट हरवलं तर पन्नास डॉलरचा भुर्दंड, तेव्हा मुलाच्या हातात देऊ नका. कापणारा माणूस आधी एक तुकडा चाखायला देतो. रुबेन घ्या, वर वितळलेलं चीज, स्वर्ग!

नवगावची

खादाडखाऊ, कॅट्झच्या पास्ट्रामीबद्दल वाद नाही. पण ती जागा कोशर नाही, आणि तुमचं रुबेनच त्याचा पुरावा आहे. मांसावर स्विस चीज, आणि कोशरमध्ये मांस-दूध एकत्र चालत नाही. या मुलाला नेमकं तेच नको आहे. न्यूयॉर्कात 'कोशर स्टाइल' पाटी दिसली की समजायचं, पदार्थ ज्यू धाटणीचे आहेत, नियम पाळायची हमी नाही. खरी कोशर असेल तर देखरेख करणाऱ्या रब्बीचं (ज्यू धर्मगुरूचं) किंवा संस्थेचं प्रमाणपत्र भिंतीवर किंवा काचेवर लावलेलं असतं. त्यावरची तारीख चालू आहे ना, तेवढं बघा.

आता माझं सांगते. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, आजोळ अलिबागकडचं, संसार न्यूजर्सीत. कोशरचे नियम आम्हाला घरातच मिळाले, पण डेलीतलं जेवण मी पाहिलं ते इथे आल्यावर. मात्सा बॉल (सुपात सोडलेला गोळा) माझ्या आजीला दाखवला असता तर तिने विचारलं असतं, हे कुणाचं पथ्याचं? डेली हे पूर्व युरोपातून आलेल्या, यिडिश बोलणाऱ्या अश्केनाझी ज्यूंचं खाणं. मांस आणि दूध एकत्र करायचं नाही हा नियम दोघांनाही सारखाच. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको, असं तोरामध्ये, आमच्या धर्मग्रंथात, तीनदा आलंय, त्यावरून हे सगळं उभं राहिलं. आमच्याकडे मटणाच्या रश्शाला म्हणून नारळाचं दूध. त्यांच्या थंड मुलखात नारळ कुठला? त्यांनी कोंबडीची चरबी कढवून घेतली, तिला श्माल्ट्झ म्हणतात, आणि लोण्याची जागा तिला दिली. डेलीचा मेन्यू वाचताना हे डोक्यात ठेवलं की अर्धं कोडं सुटतं. किसलेल्या बटाट्याचा तळलेला कुरकुरीत लाटका येतो, त्याच्याबरोबर साय नाही, सफरचंदाचा सॉस. यकृत वाटून केलेल्या चॉप्ड लिव्हरमध्ये श्माल्ट्झ आणि परतलेला कांदा. ते यकृतही आधी विस्तवावर भाजावं लागतं, कारण रक्त चालत नाही. बाकीचं मांस भिजवून, तासभर मीठ लावून, धुऊन घेतलं की झालं, पण यकृतात रक्तच इतकं की मीठ पुरत नाही.

पास्ट्रामीचंही तेच. कोशर गुरांचा मागचा भाग अमेरिकेत बहुतेक वेळा कोशर बाजारात येतच नाही. मांडीतली एक मोठी शीर आणि काही चरबी निषिद्ध, ती सोडवून काढायचं काम इतकं किचकट की तो भाग सरळ इतरांना विकून टाकतात. उरतो पुढचा भाग, छाती आणि पोटाकडचा, चिवट आणि चरबीचा. तो मिठाच्या पाण्यात दिवसेंदिवस मुरवायचा, वरून मिरी-धण्याचा जाड थर, मग धुरी, मग वाफ. कॉर्न्ड बीफला मुरवणं तेच, पण धुरी नाही, उकडतात. मागवताना 'लीन' म्हणू नका. लोक तब्येतीच्या धाकानं लीन मागतात आणि मग कोरडं लागलं म्हणून कुरकुरतात. राय ब्रेड, मोहरी, बस. मेयोनीज नियमात बसतं, पण मागितलंत तर वेटर तुमच्याकडे बघेल. बघू दे.

जागा म्हणाल तर 33व्या रस्त्यावरची सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेली. 1954 साली खरोखरच सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर सुरू झाली, 2006 मध्ये तिथून उठली, 2007 च्या शेवटी इकडे उघडली, नाव तेच ठेवलं. ती कोशर आहे, पण शनिवारीही उघडी असते, म्हणून शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, विश्रांतीचा दिवस) काटेकोर पाळणारे बरेचजण तिथे जेवत नाहीत. तुम्हाला त्यानं फरक पडत नाही. ब्राँक्सला लीबमन्स आहे, 1953 पासूनची, लांब पडेल. 1930 च्या दशकात शहरात अशा दीड हजारांवर डेल्या होत्या म्हणतात. आता बोटांवर मोजण्याइतक्या.

डोकं झाकायची गरज नाही, ते सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) नव्हे. जास्त कर्मठ जागी दाराजवळ दोन कानांचा तांब्या ठेवलेला बेसिन दिसेल, ब्रेड खाण्याआधी हात धुण्याच्या विधीसाठी. तुम्ही साधे हात धुवा.

मुक्कामपोस्ट

ताई, एवढं सविस्तर कुणी सांगत नाही. आभार. सासूबाईंचं कसं करायचं? आणि बायको विचारतेय, बेगल, क्रीम चीज आणि तो केशरी मासा तिथेच मिळेल ना?

नवगावची

बेगल-क्रीम चीज नाही मिळणार. दूध आलं ना! ते 'अपेटायझिंग' दुकानांचं काम, तिथे मासे आणि दूध, मांस नाही. हाउस्टन स्ट्रीटवर रस अँड डॉटर्स आहे, 1914 ची. सकाळी तिकडे जा, पण मुलाला तिथलं काही भरवू नका, चहूकडे क्रीम चीज असतं.

सासूबाईंसाठी: चिकन सूप मात्सा बॉलसकट. मात्सा बॉल म्हणजे बेखमीर भाकरीचा चुरा, अंडं आणि श्माल्ट्झ. 'चिकन इन द पॉट' मागवलंत तर भाज्या आणि शेवया घातलेली अख्खी हंडीच येते, दोघींना पुरेल. टर्की सँडविचही असतं. पण त्यांचं सोवळं कितपत आहे ते आधी विचारून घ्या, कारण टर्की आणि पास्ट्रामी एकाच यंत्रावर कापली जाण्याची शक्यता आहे. आणि 'ग्रेव्ही नको' हे दोनदा सांगा. तपकिरी ग्रेव्ही बीफची असते आणि न विचारता कशावरही ओततात. किश्के टाळा, ते पारंपरिक पद्धतीनं बीफच्या आतड्यात भरतात.

दूधवर्ज्य

माझ्या मुलीलाही हीच अ‍ॅलर्जी आहे, म्हणून मध्ये बोलते. तुमचा ऑफिसवाला बराचसा बरोबर आहे. मांसाच्या कोशर स्वयंपाकघरात दूध आणतच नाहीत, त्यामुळे भांडी, तवा, तळणीचं तेल यांची धास्ती इतर कुठल्याही हॉटेलपेक्षा पुष्कळ कमी. आमची पोर पहिल्यांदा अख्खं मेन्यूकार्ड वाचून मनासारखं मागवू शकली ती अशाच ठिकाणी.

पण 'बिनधास्त' हा शब्द नको. कोशर हे धार्मिक प्रमाणपत्र आहे, अ‍ॅलर्जीचं नव्हे. ब्रेड, मार्गरीन, चॉकलेट बाहेरून येतात. पाकिटावर 'पारेव' लिहिलं तर त्यात दूध किंवा मांस घातलेलं नाही, एवढंच कळतं. त्याच यंत्रावर आदल्या दिवशी दुधाचं काही बनलेलं असू शकतं, म्हणून अ‍ॅलर्जीवाल्यांनी फक्त पारेववर विसंबू नये. ऑर्डर देण्याआधी वेटरला स्पष्ट सांगा, इंजेक्शन खिशात असू द्या.

आणि सुपरमार्केटमधलं 'नॉन-डेअरी' क्रीमर वेगळं. त्यात केसिनेट, म्हणजे दुधातलंच प्रथिन, असू शकतं. कोशर खुणेशेजारी छोटा 'डी' (म्हणजे डेअरी) दिसला तर ठेवून द्या.

नवगावची

दूधवर्ज्य यांचं शंभर टक्के खरं. धर्मशास्त्रात तर आणखी एक सवलत आहे. दूध चुकून पडलं आणि बाकीचा पदार्थ त्याच्या साठपट असेल, तर ते पडलंच नाही असं बहुतेक वेळा धरतात. मुद्दाम नाही हं घालायचं, चुकून. देवाला साठावा भाग चालतो, तुमच्या मुलाला चालायचा नाही.

खादाडखाऊ

रुबेन मागे घेतो. 😀 पण पैशांचं कुणीच बोललं नाही. एक पास्ट्रामी सँडविच पंचवीस-तीस डॉलरच्या घरात, त्यावर जवळपास नऊ टक्के कर आणि 18-20 टक्के टिप. चौघांनी चार घेतलीत तर फेस येईल. एक सँडविच दोघांना होतं, फक्त वाटून खाण्याचे वेगळे पैसे लावतात का ते मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात बघा. लोणची आणि कोलस्लॉ बहुतेक ठिकाणी आपणहून येतात. काकडीची अर्धी मुरलेली मागा, हिरवीगार, कडकड वाजते.

मुक्कामपोस्ट

पास्ट्रामी मी एकटाच, सासूबाई आणि बायको हंडी, मुलाला टर्की आणि लाटका. क्रीम सोडा मागणार म्हणतोय पोरगा, नाव वाचूनच घाबरलो. आणि केकचं राहिलं.

नवगावची

डॉक्टर ब्राउनच्या क्रीम सोड्यात क्रीम नसतं, व्हॅनिलाचा वास असतो. तरी डबा फिरवून वाचा, तुमची सवय असेलच. सेलरीचा स्वाद असलेला सेल-रे पण मिळतो, डेलीतलं जुनं पेय. मला आवडतो, घरात दुसऱ्या कुणालाच नाही.

केक घेऊन जाऊ नका. बाहेरचं खाणं कोशर स्वयंपाकघराच्या जागेत येऊ देत नाहीत, कॉफीचा कागदी कपसुद्धा दारातच टाकायला लावतात, आणि त्यात उद्धटपणा नसतो, त्यांचं प्रमाणपत्र त्यावर असतं. गोड तिथलंच घ्या. रुगेलाख (सारण भरून गुंडाळलेली छोटी बिस्किटं) किंवा चॉकलेट बाब्का (पिळा घातलेला गोड ब्रेड), लोण्याशिवाय केलेलं. जायच्या आदल्या दिवशी फोन करा, बाब्का आहे का आणि चॉकलेट कुठल्या कारखान्यातलं हे दोन्ही विचारा. ऑक्टोबरात ज्यू सण येतात, म्हणून उघडं आहे ना तेही त्याच फोनवर विचारून घ्या. शुक्रवारी संध्याकाळी जाऊ नका, जास्त कर्मठ जागा दुपारीच बंद होतात. मेणबत्तीचं मात्र तिथल्या माणसाला सांगा, ते लावू देतील.