इस्रायल-पॅलेस्टाईन: न्यायाची गोष्ट खरी का सगळे आपापलं पाहून राहिले?

धुरेकरी_नागपूर:
काल बर्डीवर तर्री पोहे खाता खाता दोन दोस्तांचं या विषयावरून चांगलंच वाजलं. एक म्हणे ७ ऑक्टोबर २०२३ ला गाझातल्या हमास या पॅलेस्टिनी संघटनेनं बाराशेच्या आसपास माणसं मारली, अडीचशे ओलीस नेले, मग इस्रायलनं काय हात बांधून बसायचं का. दुसरा म्हणे तू गोष्ट २०२३ पासूनच काहून सुरू करून राहिला बे, १९४८ ला सात लाख लोकं घरदार सोडून परागंदा झाले ते नाही दिसत का. मला तर आमच्या गावातलं धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण आठवलं, जो तो आपल्या सोयीचा फेरफार काढून दाखवतो अन् त्याच्या मागचं पान उघडूच देत नाही. नीती वगैरे खरंच असते का इथं, का आधी स्वार्थ ठरतो अन् मग त्याला न्यायाचा रंग मारतात?

वऱ्हाडी_ठेचा:
स्वार्थच भाऊ, दुसरं काय. २०२० चे अब्राहम करार पाय ना, अरब देशायनं इस्रायलशी संबंध जोडले ते. मोरोक्कोनं इस्रायलशी जुळवून घेतलं तं अमेरिकेनं पश्चिम सहारा त्याचा मानला, सुदाननंही जुळवलं तं त्याचं नाव अमेरिकेच्या दहशतवादी यादीतून निघालं. पॅलेस्टाईनच्या लोकायले काय भेटलं? भोपळा. अन् पॅलेस्टिनी नेते अराफत १९९० मध्ये कुवेत बळकावणाऱ्या इराकच्या सद्दामकडे झुकले तं कुवेत सुटल्यावर तिथल्या लाखो पॅलेस्टिनी लोकायले निघा लागलं, तवा अरब भाईचारा कुठी गेलता?

संत्रा_बागायतदार:
दुसऱ्यांना काय नावं ठेवता, आपण तरी कुठं धुतल्या तांदळाचे. १९४७ ला यूएनमध्ये पॅलेस्टाईनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत दिलं, १९५० ला इस्रायलला मान्यता दिली पण पूर्ण राजनैतिक संबंध थेट १९९२ ला. मधात १९७४ ला पीएलओला, म्हणजे पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेला, मान्यता. मग कारगिलच्या वेळेस दारूगोळा कोणाकडून आला? ऑक्टोबर २०२३ मध्ये यूएनमध्ये आपण तटस्थ, डिसेंबरमध्ये युद्धबंदीच्या बाजूनं. मी तक्रार नाही करून राहिलो हं, माझ्याच बागेत ठिबक आहे अन् नागपूरच्या संत्र्याला इस्रायली तंत्र पाहिजेच.

धरणातलं_गाव:
सगळेच स्वार्थी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यानं ज्याची लाठी मोठी त्याचं फावते. आमचं गाव धरणात गेलं, आजीनं जुन्या घराचं कुलूप मरेपर्यंत पेटीत ठेवलं होतं, म्हणून ते लोक ४८ च्या घरांच्या चाव्या जपतात हे मला समजते. पण चावी खरी आहे म्हणून कोणाच्या पोरीला ओलीस नेता येत नाही, अन् ओलीस नेले म्हणून हजारो लेकरं मारता येत नाहीत. याच्यासाठी कोणताच फेरफार काढायची गरज नाही. आणि १९४९ चे जिनिव्हा करार देशांनी काही साधू होऊन नाही केले, उद्या आपला शिपाई पकडला गेला तर, या भीतीनंही केले. म्हणजे नियम स्वार्थातून आला तरी नियमच ना. त्यातच लिहिलंय का कब्जातल्या जमिनीवर आपले लोक वसवायचे नाहीत, अन् इस्रायलनं १९६७ ला ताब्यात घेतलेल्या वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागात तेव्हापासून तेच चाललंय.

धुरेकरी_नागपूर:
@धरणातलं_गाव हे पटलं, निदान अर्धं तरी. पण मोजणी करायची कोणी? २०२४ च्या जुलैत आंतरराष्ट्रीय न्यायालयानं सांगितलं ना का कब्जा बेकायदा आहे, पण तो सल्ला, बंधन नाही.

वऱ्हाडी_ठेचा:
अन् ज्यायच्या हाती आहे त्यायले मोजणी पायजेच कुठी? पॅलेस्टाईनचे अध्यक्ष अब्बास २००५ ला चार वर्षासाठी निवडून आले ते अजून बसूनच, तिकडे इस्रायलच्या नेतान्याहूंवर २०२० पासून भ्रष्टाचाराचा खटला, युद्ध लांबवून खुर्ची वाचवतात असं तिथलेच लोक रस्त्यावर येऊन बोंबलून राहिले होते. हमासनं २००६ नंतर गाझात एक तरी मतपेटी लावली का?

संत्रा_बागायतदार:
हे बरोबर बोलला. तिथल्या सामान्य माणसाला विचारते कोण बाप्पा. बाकी @धुरेकरी, तुमच्या धुऱ्याच्या केसचं काय झालं शेवटी?

धुरेकरी_नागपूर:
तारीख पडली. पुढच्या महिन्यात.