मदत हवी आहे: ट्रायक्लोरोइथिलीनची हवेतली पातळी कोण मोजून देईल?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ भोसरीला एका लहान युनिटमध्ये डिग्रीझिंगवर आहे. तेलकट पार्ट जाळीच्या बास्केटमध्ये भरून उकळत्या ट्रायक्लोरोइथिलीनच्या (टीसीई, तेल काढणारं द्रावक) टाकीवर सोडायचे, वाफेने तेल सुटलं की बाहेर काढायचे. बास्केट घाईत वर ओढली की ओले पार्ट शेडमध्येच वाळतात आणि गोडसर वास दरवळतो. मास्क आहे, पण धुळीचा. त्याने वाफ थोडीच अडते! संध्याकाळी त्याचं डोकं जड असतं. हल्ली दारूचा एक घोट घेतला तरी चेहरा लालभडक होतो, आणि ही टीसीईची ओळखीची खूण आहे असं वाचल्यापासून मला स्वस्थता नाही.

आपल्या 1948 च्या कारखाने कायद्याच्या (2025 मध्ये त्याच्या जागी नवी संहिता आली) अनुसूचीत आठ तासांच्या सरासरीची मर्यादा 50 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 50 भाग) होती. अमेरिकेतली एसीजीआयएच ही औद्योगिक आरोग्य तज्ज्ञांची संघटना मात्र 10 पीपीएम सुचवते, अल्पकाळासाठी 25. आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तर हे द्रावक माणसात कॅन्सर करणारं ठरवलंय. मग 40 पीपीएम निघाले तर मालक ‘50 च्या मर्यादेत बसतं’ म्हणून हात झटकणार का?

पिंपरी-चिंचवड भागात कामगाराच्या कॉलरला पंप लावून दिवसभराचा नमुना घेणारी लॅब कुणाला माहीत आहे का? शरीरात गेलेल्या टीसीईपासून बनणारं, लघवीतलं ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड कुठे तपासतात? नमुना आठवड्याच्या शेवटच्या पाळीनंतर द्यायचा असतो ना? औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार केली तर नाव गुप्त राहतं का? नोकरी जायला नको. अनुभव असलेल्यांनी कृपया लवकर सांगा.