गस, कॉल आणि ‘लोन्सम डव्ह’ (अनुभव धागा)

सोनकी
बिडाच्या भांड्यावर निखारे ठेवून पाव भाजायचा एक व्हिडिओ समोर आला आणि गस मॅक्रेची पहाटेची बिस्किटं आठवली. लॅरी मॅकमर्ट्रीची ‘लोन्सम डव्ह’ ही कादंबरी १९८५ ची, पुढच्या वर्षी पुलित्झर, १९८९ साली टीव्ही मालिका. गस आणि कॉल हे दोन माजी टेक्सास रेंजर गुरांचा कळप हाकत टेक्सासहून मॉन्टानाला नेतात, त्याची ही गोष्ट. पण ज्यांनी वाचलीय ते पुरस्काराचं नावही काढत नाहीत. गसबद्दल बोलतात, वाट काढणाऱ्या डीट्सबद्दल हळवे होतात, त्यांच्या जुन्या सोबत्याला, जेक स्पूनला, शिव्या घालतात. माझं मत असं की या पुस्तकात माणूस कळतो तो कामावरून. कळपाच्या पुढे कोण, मागची धूळ कोण खातो, पाणी कोण शोधतो, अंग कोण चोरतो. ज्यांना यातलं नीट माहीत आहे त्यांनी लिहा. नुसतं ‘भारी पुस्तक’ नको. शेवट फुटणार आहे, न वाचलेल्यांनी इथूनच मागे फिरा.

रानमेवा
कळपावरचा पोरगा न्यूट, त्याला सगळे बिचारा म्हणतात, पण का ते बघा. कळप चालतो तेव्हा सर्वांत पुढे दोन बाजूंना ‘पॉइंट’चे स्वार, त्यांच्यामागे ‘स्विंग’, मग ‘फ्लँक’ आणि शेपटाला ‘ड्रॅग’. पॉइंटला मुरलेला गडीच लागतो. पुढची चार-सहा जनावरं वळली की अख्खा कळप वळतो. म्हणून तिथे डिश बॉगेट. ड्रॅगला पोरंटोरं, म्हणजे न्यूट आणि ते रेनी भाऊ. तोंडाला फडकं बांधून अडीच-तीन हजार गुरांची धूळ खायची, शिवाय लंगडी, आजारी, आळशी जनावरं सगळी मागेच साचतात. आणि घाईही करायची नाही! मागून रेटलं की मधली गुरं दाटतात, चरायला मिळत नाही, अंग झडतं, विकताना भाव पडतो. म्हणून दिवसाला १० ते १५ मैल, बास. टेक्सासच्या दक्षिण सीमेपासून मॉन्टानातली मिल्क नदी सरळ रेषेतच १,३०० मैलांच्या वर. करा हिशेब.

टिवल्याबावल्या
१२ मैलांनी साधारण ११० दिवस, एकही खाडा न धरता. नद्या, गारा, उधळणं वेगळं. वसंतात निघून थंडीच्या तोंडावर पोचतात ते बरोबर बसतं. लेखकाचे काका गुराखीच होते, उगाच नाही.

कुंदा_कुंदा
खुर्ची टाकून बसलेय. कुकर लावलाय, शिट्ट्या मोजायला कुणीतरी या

रानमेवा
@टिवल्या, उधळण्याचं राहिलंच. कळप उधळला की मागून ओरडून काही होत नाही. पुढच्या जनावरांच्या बगलेला घोडा घालून त्यांना आत आत दाबत न्यायचं. मग कळप स्वतःभोवतीच गोल फिरायला लागतो आणि दमून थांबतो. हेच गोल फिरणं नदीच्या मध्यावर झालं की घात, आतली गुरं बुडतात. उन्हाची तिरीप समोरून डोळ्यांत येत असेल तर गुरं पाण्यात उतरायलाच तयार नसतात. आणि रात्रीचे राखणदार गातात ते हौस म्हणून नाही. एकसारखा आवाज कानावर असला की घोडा ठेचकाळला, भांडं वाजलं तरी गुरं दचकत नाहीत. ओ’ब्रायन या आयरिश भावांना गुरांचं काही येत नसतं, तरी ठेवून घेतात त्याला त्यांचं गाणं हेही एक कारण.

चष्मेबद्दूर
बरेच जण पहिल्या शंभर पानांत पुस्तक खाली ठेवतात. तीन भाग, १०२ प्रकरणं, आणि पहिला भाग संपत येईपर्यंत कळप हलतच नाही. गस ओसरीवर बसून बोलतोय, कॉल संध्याकाळी नदीकडे निघून जातोय, डुकरं साप खातायत. ही पानं गाळू नका. पुढे जे मरतात त्यांची ओळख इथेच होते. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला एकदम आर्कन्सॉमधलं फोर्ट स्मिथ येतं, शेरीफ जुलै जॉन्सन, त्याची बायको एल्मायरा, डेप्युटी रॉस्को. वाचणारा गोंधळतो की गुरं कुठे गेली. उपाय सोपा : शेवटच्या कोऱ्या पानावर तीन रकाने करा. कळप, जुलैची माणसं, ब्लू डक या दरोडेखोराच्या वाटेत येणारी माणसं. नवं नाव आलं की टाका. नेब्रास्कात क्लाराच्या (गसची जुनी प्रेयसी) घराशी बहुतेक धागे एकत्र येतात, तोवर हा कागद लागतो.

मिरगाचा पाऊस
जेकचं नाव प्रत्येक रकान्यात खोडून परत लिहावं लागेल 😄

चष्मेबद्दूर
😄 शेवटी फासाच्या रकान्यात.

पोळपाट
बिस्किटांवर कुणीच लिहीत नाहीये! ही आपली चहात बुडवायची नव्हेत, आंबवलेल्या पिठाचे छोटे पाव. एक वाटी फसफसलेलं विरजणपीठ, दोन वाट्या मैदा, चमचाभर मीठ, पाव चमचा सोडा, दोन-तीन मोठे चमचे चरबी किंवा तूप. मळायचं नाही, गोळा होईपर्यंतच हात लावायचा, नाहीतर चिवट होतात. बिडाचं जड भांडं, खाली थोडे निखारे, झाकणावर त्याच्या दुप्पट. आपल्याकडे भानोलं करतात तोच खाली-वर विस्तव. तळ करपतो तो खालचे निखारे जास्त झाल्यामुळे, भांड्याला दोष देऊ नका. आतून पिवळी आणि साबणासारखी लागली तर सोडा जास्त. थंडीत विरजण मरतं म्हणून कळपावरचे आचारी तो डबा रात्री अंथरुणात घेऊन झोपत. गस भाजता भाजता बायबल चाळतो, कारण ही काही मिनिटं तिथून हलता येत नाही.

कुंदा_कुंदा
मैद्याऐवजी कणीक चालेल का

पोळपाट
निम्मी चालेल. पाणी थोडं वाढव. पूर्ण कणकेची फुलत नाहीत.

टिवल्याबावल्या
आणि पो काम्पोचे काकवीत परतलेले टोळ? 😛

पोळपाट
त्याची कृती मिळणार नाही. पण पो काम्पो माझा सगळ्यात लाडका. जनावरावर बसायचं नाही म्हणून गाडीबरोबर पायी चालणारा आचारी.

माळावरचा
घाईत लिहितोय. मॉन्टानाच्या अलीकडे वायोमिंगमधला तो ८० मैलांचा कोरडा पट्टा परत वाचा, मग डीट्स कोण होता ते कळतं. तहानलेली गुरं पुढे जात नाहीत, ज्या पाण्यावर शेवटचं प्यायली तिकडे परत फिरतात. अडवायला सगळी माणसं लागतात, रात्रीसुद्धा, कारण थांबलं तर ऊन चढायच्या आत अंतर कापलं जात नाही. आणखी ताणलं तर जनावराला दिसेनासं होतं, घोडा समोर आला तरी अंगावर येतं. मग वाऱ्यावर पाण्याचा वास आला की धावत सुटतात, एकमेकांवर पडतात. खारट डबकं आधी लागलं तर तेही पितात आणि मरतात. म्हणून पुढे जाऊन पाणी चाखून येणारा माणूस लागतो. ते काम डीट्सचं. हे सगळं पार पडल्यावर लगेच त्याचं काय होतं ते लिहवत नाही.

अनघड
माळावरचा, खऱ्या इतिहासातही ८० मैलच. चार्ल्स गुडनाइट आणि ऑलिव्हर लव्हिंग हे कळप हाकणारे भागीदार १८६६ मध्ये पेकोस नदीवरच्या हॉर्सहेड क्रॉसिंगकडे गेले तेव्हाचा पट्टा साधारण तेवढाच, आणि त्यात बरीच गुरं गेली. पुढच्या वर्षी लव्हिंग कोमांचे या मूळनिवासी टोळीच्या हल्ल्यात जखमी झाला आणि फोर्ट समनरला गॅंग्रीनने वारला. गुडनाइटने १८६८ मध्ये तेलाचे पत्र्याचे डबे ठोकून पेटी करवली, शवपेटीभोवती कोळशाची पूड भरली आणि त्याला टेक्सासात वेदरफोर्डला नेऊन पुरलं. पायाच्या जखमेने गसचं मरणं आणि कॉलने त्याचं प्रेत टेक्सासला परत नेणं इथून आलंय. डीट्स बेतलाय तो बोस इकार्डवर, गुलामगिरीत जन्मलेला, गुडनाइटचा सर्वांत भरवशाचा माणूस. त्याच्या थडग्यावरचा मजकूर गुडनाइटने स्वतः लिहवून घेतला होता. डीट्सच्या थडग्यासाठी कॉल फळीवर अक्षरं कोरतो ते त्यावरूनच.
कळपाबरोबरची स्वयंपाकाची गाडीही गुडनाइटचीच, सैन्याची जुनी गाडी घेऊन मागे कप्प्यांची पेटी बसवली. रात्री तिची दांडी ध्रुवाकडे करून ठेवायची, सकाळी ढग असले तरी दिशा कळते.

मिरगाचा पाऊस
वाटेत जन्मलेल्या वासरांचं काय करत? धनगर कोकरं घोड्यावर घालून नेतात तसं?

अनघड
बहुतेक कळपांत सकाळी गोळी घालत, कारण त्यांना चाल झेपत नाही. गुडनाइटने गाडी ठेवली होती. पण सगळी वासरं एकत्र ठेवली की वास मिसळतात आणि गाय आपलं वासरू घेत नाही. म्हणून प्रत्येकाला वेगळं पोतं, पोत्यावर आकडा, दुसऱ्या दिवशी तेच वासरू त्याच पोत्यात.

मिरगाचा पाऊस
बापरे. पोत्याला आकडा!

काडीपेटी
सगळं छान, पण न्यूएसेस नदीत ओ’ब्रायन भावांतला एक साप चावून मरतो तो प्रसंग? पाणसाप असे झुंडीने माणसावर तुटून पडत नाहीत. ती गुराख्यांची दंतकथा आहे.

रानमेवा
मान्य. पण तो मृत्यू तिथेच हवा. प्रवासाच्या सुरुवातीलाच, सर्वांत कच्चा पोरगा, वादळानंतरच्या साध्या ओलांडणीत. त्यानंतर पुढच्या प्रत्येक नदीला वाचणारा धास्तावतो. सापांऐवजी भोवरा असता तर खरं ठरलं असतं, पण इतकं लक्षात राहिलं नसतं.

काडीपेटी
हम्म. चालेल. भांडायला आलो होतो.

सोनकी
क्लाराबद्दल कुणी का लिहीत नाही? घोड्याच्या लाथेने नवरा अंथरुणाला खिळलाय, शुद्ध नाही. त्याला भरवणं, पुसणं, कूस बदलणं, वर घोड्यांचा व्यवहार, दोन मुली, तीन मुलगे गेलेले. गसशी लग्न का केलं नाही हे ती त्याच्या तोंडावर सांगते. कॉलचं कौतुक सगळे करतात, ती एकटीच त्याला फाडून खाते, आणि तिचंच बरोबर आहे. न्यूट कॉलचाच मुलगा, त्याला घोडी दिली, बंदूक दिली, घड्याळ दिलं, नाव मात्र देववलं नाही. कॉलचे चाहते इथे यावेत.

माळावरचा
आलो नाही. डबा भरतोय.

दूरदेशी
टेक्सासात असाल तर सॅन मार्कोसला टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटीत, अल्केक लायब्ररीच्या सातव्या मजल्यावर विटलिफ कलेक्शन्स आहे. मालिकेची पटकथा लिहिणाऱ्या बिल विटलिफचा संग्रह, मालिकेतले कपडे, वस्तू तिथे ठेवल्यात. ऑस्टिनहून दक्षिणेला ३० मैलांच्या आसपास. सुट्टीच्या दिवसांत विद्यापीठाच्या वेळा बदलतात, आधी बघून निघा. लेखकाचं गाव आर्चर सिटी मात्र पार उत्तरेला, विचिटा फॉल्सजवळ. एका दिवसात दोन्ही बसवू नका.

कुंदा_कुंदा
पुढचे भाग कुठल्या क्रमाने? बहीण म्हणते तरुणपणापासून सुरू कर

अनघड
बहिणीचं ऐकू नका. काळाच्या क्रमाने ‘डेड मॅन्स वॉक’, ‘कोमांची मून’, मग हे, मग ‘स्ट्रीट्स ऑफ लारेडो’. पण लिहिली गेली ती १९८५ हे, १९९३ लारेडो, १९९५ वॉक, १९९७ मून अशी. आधी हेच. तरुणपणीच्या भागांतले काही तपशील याच्याशी जुळत नाहीत, आधी ते वाचलं तर इथे खडे लागतात. लारेडोत कोण मेलं ते सुरुवातीलाच सहज सांगून टाकलंय, त्यामुळे ते चुकूनही आधी नको.

कुंदा_कुंदा
ऑडिओ आहे का? भाजी निवडताना ऐकायला

चष्मेबद्दूर
आहे, ली हॉर्स्लीच्या आवाजात, ३६ तासांच्या घरात. वेग वाढवू नका, गसचं बोलणं चेपलं जातं. नावांचा कागद मात्र ऐकतानाही ठेवा, मागची पानं उलटता येत नाहीत.

कुंदा_कुंदा
३६ तास! एवढी भाजी नाही घरात